माळशेजचा वारा आणि नवा तांदूळ

२ नोव्हेंबर, रवि.

माळशेज करून आले. पाय ठणकताहेत, पण झालं मस्त. कल्याणची मंडळी मुरबाडच्या नाक्यावर पोचली तेव्हा उजाडत होतं. तिथून वैशाखऱ्यापर्यंत मीच पुढे. वारा समोरून, थंड, डोळ्यांतून पाणी काढणारा. सायकलवाल्यांचा नियम साधा आहे. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, बाकीचे त्याच्या आडोशाने येतात. आज डझनभर पुरुष माझ्या आडोशाने आले. इथे लिहून ठेवते, कारण बाहेर सांगितलं तर म्हणतील फुशारकी मारते. मारते तर मारते.

घाटात सगळ्यांच्या आधी वर. कठड्याला सायकल टेकवून एकटीने चिक्की खाल्ली.

मग आठवलं, आज आपण घाट चढायला आलोच नव्हतो. पाटणकर सरांशी बोलायला आलो होतो. सर शहापूरकडच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि तिथे क्वालिटीत जागा निघतेय, ही पक्की खबर. आमची कं. गुजरातला गेल्यापासून मी घरी. अकरा वर्षं क्वालिटीत काढलेली बाई आता घरातल्या डब्यांची झाकणं नीट बसतात का ते तपासते. हे असं आणखी चाललं तर मी सगळ्यांना चावेन.

पा. सर दर रविवारी ग्रुपबरोबर असतात, पण सगळ्यांच्या शेवटी. मी सगळ्यांच्या पुढे. अख्ख्या दिवसात एक शब्द बोलणं नाही.

घरी येऊन नवऱ्याला, नरेशला, सांगितलं. जीप धूत होता, हसता हसता बादली सांडली. "नोकरी मागं होती गो, तू पुढं कशाला पळालीस?"

५ नोव्हें., बुध.

मनीषाचा फोन. माझ्याच टेबलावर काम करायची, तिला भिवंडीला गोदामात लागली नोकरी. मामाच्या ओळखीतून. "ओळखी काढ रंजू. माणसात बस. सायकलवर बसून काय होणार, शेजारी कोण बसतं तिथं?"

राग आला. खरं आहे म्हणून जास्त आला.

९ नोव्हें., रवि.

आज ठरवून मागे राहिले. ब्रेकवर हात ठेवून सायकल चालवणं म्हणजे शिक्षा. पुढे तो सरळगावचा संतोष छाती काढून चालला होता, जसा काही रस्ता त्याच्या बापाने बांधलाय.

पा. सर बोलायला गोड माणूस. गुडघा, सीट, डॉक्टर, पुन्हा गुडघा. मी हो हो करत होते. नोकरीचा विषय काढायचा तर गुडघ्यातून वाट कुठे काढायची?

टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुम्ही काय करता, रंजनाताई?"

देवाने ताटात वाढून दिलं होतं. आणि मी काय म्हणावं? "सध्या सायकल चालवते."

सगळे हसले. वा वा म्हणाले. सरांना वाटलं मी स्पर्धांना वगैरे जाते. मला पण क्षणभर तसंच वाटलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. नोकरी नाही हे तोंडातून बाहेरच येत नाही माझ्या, त्या शब्दाला दाराशीच अडवते मी.

१२ नोव्हें., बुध.

सासूबाई देवळातून आल्या त्या रागातच. तिथे कोणीतरी म्हणालं, नवरा जीप चालवतो, बायको सायकल फिरवते, घरात काम कोण करतं? मला वाटलं आता मला ऐकावं लागणार. तर म्हणाल्या, "मी सांगितलं तिला, आमची सून सायकलवर माळशेज चढते. तुझ्या पोराला चौकातून विडी आणायला मोटारसायकल लागते."

वर मलाच दम. "पण उद्या चुलीमागचा कोनाडा सारव. मी तिकडं भांडते आणि इकडं कोनाडा तसाच."

सारवला.

१६ नोव्हें., रवि.

बोलले. एकदाचं बोलले!

युक्ती अशी केली. घाट सुरू होईपर्यंत पुढे राहिले, मन भरून. मग वळणावर थांबले आणि पा. सर आल्यावर त्यांच्या बाजूने चढायला लागले. चढावर ते काही बोलू शकत नाहीत, नुसता भाता चालू असतो. म्हटलं हीच वेळ. "सर, मी सायकल चालवते ते खरं, पण मी क्वालिटीत होते. अकरा वर्षं. कंपनी गुजरातला गेली. मला काम हवंय." एका दमात. ते नुसते मान हलवत होते. हो म्हणताहेत की श्वास घेताहेत, कळेना.

वर पोचल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे टोकावड्याला का नाही सांगितलंत? अर्ज पाठवा. मुलाखत घेणाऱ्यांत मी आहे."

उतरताना सगळ्यांना आईकडे नेलं. वैशाखऱ्यात माहेर असल्याचा हा फायदा, घाटातून थेट पानावर. कापणी झालीय, आईने नव्या तांदळाचा भात घातला होता. वालाचं बिरडं, वर लोणचं. पा. सर तीनदा भात घेऊन बसले. आईला विचारलं, "हा तांदूळ कुठे मिळतो?" आई म्हणाली, "मिळत नाय, पिकतो."

आज मी दोन्ही केलं. घाटही, कामही. मनीषाला फोन करून सांगितलं, शेजारी बसतात गो सायकलवर.

१९ नोव्हें., बुध.

अर्ज कालच गेला. आईने धाकट्या भावाबरोबर नव्या तांदळाची पिशवी पाठवली, साहेबांसाठी. पहिल्यांदा घरी जेवून गेलेल्या माणसाला नवं पीक पाठवायचं, ही आमची रीत. आजोबा तर तलाठ्यालाही पाठवायचे आणि पोस्टमनलाही, कोणाकडे काम असो वा नसो. न.ला उद्या शहापूरचं भाडं आहे, तो पोचवेल.

२१ नोव्हें., शुक्र.

वाटोळं.

पा. सरांचा फोन. आवाज एकदम कोरडा, घाटातला नव्हेच. न.ने पिशवी त्यांच्या हातात न देता कंपनीच्या गेटवर दिली. वॉचमनने विचारलं, कोणाकडून, कशाबद्दल. आणि आमचे हरिश्चंद्र म्हणाले, "क्वालिटीच्या नोकरीला अर्ज केलाय ना, त्या बाईंच्या घरून. साहेबांना द्या." वॉचमनने तसंच्या तसं आत फोनवर सांगितलं. ऑफिसभर झालं.

त्यांच्या कंपनीत भेट घ्यायची नाही असा नियम आहे. कोणाचीच, काहीच. सर म्हणाले, "मीच वर सांगून मुलाखतीतून बाजूला झालो. तुमचा अर्ज आहे तसा राहील. पण आता तुमच्याबद्दल मी कोणाशी एक शब्द बोलू शकत नाही. निकाल लागेपर्यंत तुमच्याशीही नाही."

न. जेवायला बसला होता. जे काय बोलायचं ते बोलले. जरा जास्तच बोलले. तो हात धुऊन उठला आणि म्हणाला, "जेवून गेलेल्या माणसाला नवा तांदूळ नाय द्यायचा, तर काय द्यायचं? आणि विचारलं तर खोटं सांगायचं?"

लाच दिली असं कोणीतरी माझ्याबद्दल म्हणत असेल, ह्या विचाराने कानशिलं तापताहेत. आईला काय सांगू? तिचा तांदूळ लाच झाला म्हणून?

२३ नोव्हें., रवि.

ग्रुपबरोबर गेले नाही. एकटीच किन्हवलीवरून शहापूरपर्यंत जाऊन आले. रस्ता चांगला आहे, गाड्या कमी. पायात राग होता, त्यामुळे चढ कळलेच नाहीत.

घरी आले तर ओट्यावर तांदळाची पिशवी. पा. सर येऊन गेले होते, कल्याणहून सायकलवर, पाठीवर तांदूळ घेऊन! गाडीने आले असते तर कंपनीची गाडी वापरली म्हणतील, ही भीती. सासूबाई एकट्याच होत्या. त्यांनी सगळं साभिनय सांगितलं.

"घामाघूम झालेला गो. मी म्हटलं, ठेव खाली, बस, पाणी पी. पाणी तरी चालतं ना तुझ्या कंपनीला? तर म्हणतो, पाणी चालतं आजी. दोन तांबे प्यायला. म्हटलं गूळ घे. तर नको म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, गूळ बघून."

डोळ्यांत पाणी वगैरे त्यांनी पदरचं घातलंय. पण मला बरं वाटलं. तीसेक किलोमीटर पाठीवर तांदूळ वागवून आणणारा माणूस रागावलेला नसतो.

पिशवी मी आपल्या पिंपात ओतायला गेले तर सासूबाई अंगावर आल्या. एकदा दिलेलं घरात परत मिसळायचं नाही. वेगळ्या डब्यात भरून फडताळावर ठेवला. आता तो तांदूळ आमचा नाही आणि त्यांचाही नाही.

२६ नोव्हें., बुध.

मुलाखतीचं बोलावणं. ४ डिसें., शहापूर. म्हणजे अर्ज खरंच आहे तसा राहिला. बोलावणं माझ्या अकरा वर्षांना आलंय, कोणाच्या शब्दाला नाही. न.ला जिलेबी आणायला लावली. तो आणि मी शुक्रवारपासून कामापुरतंच बोलत होतो, जिलेबीने ते मिटलं.

२९ नोव्हें., शनि.

टोकावड्याला न.च्या चुलतभावाची हळद. आमच्याकडे नोकऱ्या लागतात त्या हळदीत, ऑफिसात नाही. नानाकाका, म्हणजे न.चे थोरले चुलते, आठ दिवस मागे लागले होते. "ये तू. दादा येणारेत. त्यांच्या कानावर घालतो." दादा म्हणजे तालुक्याचे पुढारी.

उद्या माझी दोनशे किलोमीटरची राइड, कल्याण ते आळेफाटा आणि परत. पहाटे निघायचं. तरी गेले. हळद लावून घेतली, बायकांत दोन फेर नाचले. दादा आले तशी नानाकाकांनी मला हाताला धरून त्यांच्या पुढ्यात उभी केली. दादांनी सगळं न ऐकताच सांगितलं, "शहापूरला ना? माझा फोन गेला की काम झालं समज."

स्पीकर इतका मोठा होता की मला ओरडून सांगावं लागलं. "नको दादा! आधीच तांदूळ गेलाय, वर फोन नको!"

नेमकं तेव्हाच गाणं थांबलं. अर्ध्या मांडवाने ऐकलं.

नानाकाका बोलत नाहीयेत. जीपमध्ये न.ने गिअर टाकला. मग म्हणाला, "दादांना नाय म्हणणारी आपल्या घरात तू पयली." कौतुक होतं की काळजी, त्याचं त्यालाच ठाऊक. मी कौतुक धरलं.

फोन गेला असता तर? पण बोलावणं माझ्या नावाने आलंय, ते मला तसंच स्वच्छ हवंय.

३० नोव्हें., रवि.

झाली! दोनशे पूर्ण. माझी पहिली.

आणि लग्नही झालं. ते असं. लग्न दुपारचं, टोकावड्यालाच, रस्त्याला लागून मांडव. परतताना मी तिथूनच जाणार. मुहूर्त मला गाठता येणार नव्हता, पण आमच्याकडे मुहूर्तावर लागलेलं लग्न मी अजून पाहिलेलं नाही. त्या भरवशावर घाटातून खाली सुटले. वारा पाठीला होता.

मांडवाशी पोचले तर अंतरपाट अजून धरलेला. सासूबाई रस्त्यावरच उभ्या, मुठीत अक्षता. "किती गो वेळ! भटजीला दोनदा पाणी पाजलं मी तुझ्यापायी!" हेल्मेट, घामाने पांढरे झालेले कपडे, सायकलच्या बुटांचा टकटक आवाज, तशीच आत शिरले. शेवटच्या दोन मंगलाष्टका मिळाल्या. नवऱ्या मुलाने अंतरपाटावरून माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबताना बिचाऱ्याचा हार हलायला लागला. अक्षता टाकल्या, एक लाडू तोंडात, एक खिशात, निघाले. उरलेल्या अक्षता सासूबाईंनी सायकलवर टाकल्या.

नानाकाका बघत होते. मागे कोणीतरी विचारलं ही कोण, तेव्हा त्यांचाच आवाज आला, "आमची सून आहे. आळेफाट्यावरून येते."

कल्याणला पोचून राइडच्या कार्डावर वेळेचा शिक्का मारून घेतला. न. जीप घेऊन उभा होता. मी बसल्या बसल्या झोपले.

४ डिसें., गुरु.

मुलाखत.

न. सोडतो म्हणाला होता. मी सायकलनेच गेले, किन्हवलीवरून. अर्धा तास आधी पोचून जवळच्या हॉटेलात चहा घेतला आणि त्यांच्या मोरीत पंजाबी ड्रेस घातला. केसांतून हेल्मेटची खूण काही जाईना. जाऊ दे म्हटलं.

गेटवर तोच वॉचमन. नाव सांगितलं तर म्हणाला, "तांदूळवाल्या बाई तुमीच का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस चांगला. सायकल स्वतःच्या केबिनमध्ये घेतली आणि म्हणाला, "तुमच्या मालकाला सांगा, मला पण नोकरीच करायची होती. मी विचारलं नसतं तर साहेबांनी मला विचारलं असतं."

आत तिघे. पा. सर नाहीत, अर्थातच. अर्धा वेळ कामाचं विचारलं. काही पार्ट पुढ्यात ठेवले, मी हातात घेऊन काय बरोबर काय चूक ते सांगितलं. हातांना इतकं बरं वाटलं की निघताना शेवटचा पार्ट टेबलावर ठेवायचाच विसरले, त्यांनी मागून घेतला.

मग मधल्या बाईंनी चष्मा काढला. "त्या तांदळाबद्दल काही सांगायचंय?"

घरून ठरवून गेले होते की माफी मागायची. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझ्या आईच्या शेतातला होता. घरी जेवून गेलेल्याला आम्ही नवा तांदूळ देतो. तुमचा नियम आम्हाला माहीत नव्हता, आता माहीत आहे. पुन्हा होणार नाही. पण तो तांदूळ लाच नव्हता, मॅडम. एवढं तुम्ही लिहून घ्या."

लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

शेवटचा प्रश्न, मुरबाडहून रोज कशा येणार?

"आज आले तशी."

तिघांनी माझ्या केसांकडे बघितलं.

येताना किन्हवलीच्या पुढे उगाचच मोठ्याने हसले. एका म्हशीने मान वर केली, बाकी कोणी नव्हतं.

७ डिसें., रवि.

ग्रुप राइड. पा. सर आले होते. मला बघून हात वर केला आणि लगेच खाली घेतला, हात वर करणं नियमात बसतं की नाही कोण जाणे. बोलले नाहीत. पण वैशाखऱ्यापर्यंत बरोब्बर माझ्या मागच्या चाकाला धरून आले. आज समोरून वारा सुसाट होता. मी घेत होते, ते आडोशाला. हे भेटीत मोडतं का, ते त्यांच्या कंपनीला विचारायला पाहिजे!

वरती फक्त एवढंच म्हणाले, दरीकडे तोंड करून, "मी काही विचारलेलं नाही. मला काही माहीत नाही."

"मी पण विचारलं नाही, सर."

१० डिसें., बुध.

कंपनीतून फोन, मधल्या बाईंचाच. दोघांची नावं राहिलीत. मी आणि शहापूरचाच एक मुलगा, डिप्लोमावाला. आठवडाअखेर कळवतो म्हणाल्या.

दोघांत आहे मी! कोणाच्या फोनाशिवाय, तांदळासकट.

सासूबाईंना सांगितलं. त्या फडताळाकडे बघत होत्या. "मग हा डबा कधी उघडायचा?"

मी हिशोब सांगितला. नोकरी लागली तर पा. सर माझे साहेब होणार, मग त्यांना हा भात कधीच घालता येणार नाही. नाही लागली तर उद्याही बोलवू शकते.

सासूबाई विचारात पडल्या. "म्हणजे देवाकडं मी मागू तरी काय? त्यानं गूळ पण खाल्ला नव्हता गो."

"नोकरी मागा, आई."

"बरं. पण जीवावर येतं."

१३ डिसें., शनि.

सकाळी एकटीच घाटात गेले, पाय मोकळे करायला. दोन वळणं चढले आणि पाठीच्या खिशात फोन वाजायला लागला. थांबायचं नाही हा माझा नियम, चढावर पाय टेकला की पुन्हा लय लागत नाही. वर जाऊन बघू म्हटलं. वर गेले तर रेंज नाही.

टोकावड्याला येऊन बघितलं. शहापूरचा नंबर. लावला तर कोणी उचलेना, शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. आता सोमवार.

न. म्हणाला, "एवढा एक फोन उचलायला पाय टेकला असता तर घाट पळून गेला असता का?" बरोबर आहे त्याचं. मी भांडलेसुद्धा नाही. संध्याकाळभर फोन घेऊन घरात फिरतेय, वाजत नाही तरी कानाला लावून बघते. नोकरी पाहिजे मला. इतकी पाहिजे की आज भातात मीठ दोनदा पडलं.

आणि उद्या रविवार. पा. सर येणार. आज अर्धा दिवस ऑफिसात असतील, म्हणजे एव्हाना त्यांना कळलेलं असणार. सांगणार नाहीत, नियमाचा माणूस. पण चेहऱ्यावर काही लपत नाही त्यांच्या, गूळसुद्धा लपला नाही.

ठरवलंय. नाक्यापासून घाटाच्या टोकापर्यंत उद्या मीच पुढे. कितीही वारा असो. मागे वळून बघायचं नाही.